गढूळपणाची नोंद

पेंचचं पाणी गोरेवाड्याला येतं.
तिथं मी सहा काचपात्रांत तुरटी घालते,
पाती फिरतात, पिंजलेल्या कापसासारखा गाळ धरतो,
मग हळूहळू बसतो.
एक एनटीयूच्या आत आलं की रजिस्टरात सही.
एकोणीस वर्षं झाली त्या सहीला.

आणि घरी, झिंगाबाई टाकळीत, टीव्हीच्या बाजूला
दोन फुटी टाकीत
पाणी असं, जणू तांदळाचं धुवण.

टाकी उईकेंची. गडचिरोलीला बदली झाली
तेव्हा माझ्या टेबलावर ठेवून गेले :
सहा गप्पी, दोन मॉली, काचेला चिकटलेला एक सकर.
"तुम्ही पाण्याच्या माणूस," म्हणाले.

शनिवारी निम्मं पाणी काढलं. रविवारी पुन्हा निम्मं.
सोमवारी आणखी पांढरं.
हिरवट नाही, मातकट नाही.
ग्लासात धरून रात्रभर खिडकीत ठेवलं,
तळाशी काही बसलंच नाही.
बाटलीत भरून लॅबला नेलं, मशीन म्हणालं अठरा.
बोरकर हसला,
"मॅडम, ही कुठल्या वॉर्डाची तक्रार?"

तुरटीची पुडी पर्समध्ये होती.
खरंच होती.
मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते,
मला काही सांगत नव्हते, हवा शोधत होते.

बर्डीवर, चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर, निनावे.
"स्पंज धुतला काय जी?"
धुतला.
"नळाखाली?"
नळाखालीच. स्वच्छ निघेस्तोवर. पिळून पिळून.
"मंग झालं. मेले न सारे."
मासे तर जिवंत आहेत.
"मासे नाही जी. जे दिसत नाही ते.
स्पंजातच राहत होते बिचारे, घाण तेच पचवत.
आता दुसरेच माजले, पाण्यात मोकाट."

पॉइंट दोन पीपीएम क्लोरीन
शेवटच्या घराच्या नळाशी उरलंच पाहिजे.
उरतं की नाही हे बघणं माझं काम.
उरलं होतं.

"दाना कोण देते?"
मी. संध्याकाळी. चिमूटभर.
तो नुसता बघत राहिला,
जुन्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसा.

त्या रात्री मोरेश्वर डबा घेऊन कोराडीला निघायच्या आधी
विचारलं. तो बूट घालता घालता थांबला.
"सकाळी सातला येतो मी. तू गेलेली असते.
घरात तेवढंच जागं असते. काचेशी येतात माझ्याकडे."
प्रांजली आतून म्हणाली,
"दुपारी मी देते. मला वाटलं, तुम्ही दोघं विसरता."
तिघांनी आपापली चिमूट दाखवली.
मोरेश्वरची चिमूट म्हणजे मूठच.

कूलरला नवी खस बसवली त्या दिवसानंतर
आम्ही तिघं असे एका खोलीत, एका कामाला,
उभे नव्हतो.

मग काहीच करायचं नव्हतं, तेच कठीण.
तीन दिवस दाण्याची डबी वरच्या फडताळात.
हवेची नळी चोवीस तास, तिची गुरगुर झोपेत.
पंचेचाळीस डिग्रीत टाकीवर ओला पंचा.
रोज तांब्या-दोन तांबे बदल,
आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवलेल्या पाण्याचा.
आयुष्यभर लोकांना सांगत आले, शिळं पाणी फेका.

पाचव्या दिवशी मी हरले होते.
निनावेला फोन केला. "बसा ना जी," म्हणाला, ठेवला.

नवव्या दिवशी, सकाळी, दिवा न लावता
मागच्या काचेवरची दुकानाची चिठ्ठी वाचता आली :
आठशे पन्नास.
उईकेंनी ती कधी खरवडलीच नव्हती.
सकरच्या पोटाखालचा खडा अन् खडा दिसत होता.
बाटली भरली, बूच लावलं,
आणि लॅबला नेली नाही.

आता फ्रिजवर कॅलेंडर आहे.
देईल त्यानं तारखेवर टिंब द्यायचं.
मोरेश्वरची टिंबं मोठी येतात.

स्पंज तपकिरी झालाय, बुळबुळीत,
नाकाशी नेला तर ओल्या मातीचा वास.
हात शिवशिवतात.
धूत नाही.